थोरल्या घराचा नारळ

आमच्या वाडीत नारळी पुनवेचा पहिला नारळ थोरल्या घराने सोडायचा आणि मगच होड्या समुद्रात लोटायच्या. पणजोबांना दोन मुलगे. एक माझा आजोबा, दुसरा माझ्या चुलतभावाचा. त्यांतला थोरला कोण, हे कुणी कधी विचारलं नव्हतं, कारण चुलत्याला, म्हणजे त्या भावाच्या वडलांना, दर्याने तरुणपणीच नेलं आणि नारळ माझे वडीलच सोडत राहिले. साठ सालाच्या सुमारास वडील गेले, तेव्हा प्रश्न उभा राहिला.

चुलतभाऊ होडी चालवणारा तांडेल होता, मी प्राथमिक शाळेत मास्तर. त्याचा मला लहानपणापासून हेवा. तो किनाऱ्यावर उतरला की म्हातारी माणसंसुद्धा उठून त्याच्याकडे जात. आमच्या आईला ताजी मासळी तोच आणून द्यायचा. "झील व्हयो तर असो," ती म्हणायची. मी, तिचा पोटचा मुलगा, तिथेच जेवत बसलेलो असायचो. निदान तो नारळ तरी माझा असावा, असं मला वाटे.

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी मालवणच्या कचेरीत होत्या, मोडी लिपीत. वाडीत मोडी वाचणारा मी एकटा. भाऊ म्हणाला, "तूच वाच रे. तू सांगशीत ता माका कबूल."

आम्ही दोघं गेलो. कारकुनाने रुमालात बांधलेलं दप्तर पुढे ठेवलं. "मला यातलं अक्षर लागत नाही, मास्तर. तुम्हीच बघा, आणि होतं तसं बांधून द्या."

भाऊ माझ्या शेजारी वाकला. "माका तर मुंग्यांची रांग दिसता," म्हणत त्याने पानावर बोट टेकवलं. बोटाखाली त्याच्याच आजोबाचा जन्म होता. माझा आजोबा बरीच पानं उलटल्यावर, दोन वर्षांनी.

मी म्हणालो, "ह्यो माझो आजोबा. तुझो मागसून."

भांडला असता तर कदाचित मी खरं बोललो असतो. तो हसला. "बरा झाला! चार माणसांत फुडे उभा रवाक माका लाज वाटता. तू मास्तर, तुका शोभता." बाहेर येऊन त्याने मला गुळाचं खाजं घेऊन दिलं. त्याचं ते सहज सोडून देणंही मला सहन झालं नाही.

पुढे कितीतरी वर्षं नारळ मी सोडला. सोडून वळलो की वाडी त्याच्याभोवती जमलेली असे. होडी कधी लोटायची, हे त्यालाच विचारत. मी ओल्या पायांनी एकटाच घरी येई.

आता भाऊ नाही. गेल्या पुनवेच्या आधी मी त्याच्या मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, बाबांका तेवाच सांगूक काय झाला होता?"

"हसलो असतो तो."

"हसले असते. आणि नारळ तुमच्याच हातात दिलो असतो."

ते मला त्या दिवशीही ठाऊक होतं. म्हणूनच तर सांगितलं नव्हतं.

पुनवेला वाडीसमोर मी नोंदीत काय होतं ते सांगितलं आणि नारळ त्याच्या मुलाच्या हातात दिला. त्याने तो माझ्यापेक्षा खूप लांब फेकला. मागून कुणीतरी म्हणालं, "झील बापाशीवर गेलो."

माझी ऐंशी उलटली. तरी ते कानाला टोचलंच.