बसलेली फौज

नाना गेल्याचा निरोप मला अमडापूरला मिळाला, नणंदेच्या अंगणात वाल निवडत असताना... बुलढाण्याहून एसटीनं आलेला शेजारी दारातच थांबला. "चाल बाई, नानाले बरं नाही," म्हणाला. पण माझी पिशवी भरायची घाई त्यानंच केली, तेव्हा मी समजले. दोनच दिवसांसाठी गेले होते हो मी.

नाना माझे थोरले भाऊ. कोर्टात नकलनवीस, दुसऱ्यांचे कागद हुबेहूब उतरवायचे, तेच काम. लग्न केलं नाही. मी विधवा होऊन आले तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. तरुणपणी फौजेच्या भरतीला गेले होते, छाती कमी भरली, परत आले. त्याबद्दल कधी बोलले नाहीत, पण पांगाऱ्याच्या लाकडाचे शिपाई कोरायला बसले. उभा माणूस दोन बोटांचा, हे एकदा ठरलं की रणगाडा, विमान, पाण्याची बाटलीसुद्धा त्याच मापात. पेपरातले फोटो भिंगातून बघायचे. मी हौसेनं शिपायांना मलमलीचे सदरे शिवून दिले, तर म्हणाले, "यमे, हा धागा त्याच्या अंगावर सुतळीवानी दिसते." मग सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद चुरगाळून त्याचे सदरे केले, वरून रंग दिला. चुण्या अगदी खऱ्या!

लढाई झाली त्याच्या पुढच्या वर्षी आळीतल्या मंडळानं गणपतीपुढं त्यांचा देखावा मांडला. गर्दी लोटली. पण नानांचं लक्ष एकाकडेच. माझ्या नणंदेच्या गावचा एक जण फौजेत रणगाड्यावर होता, रजेवर आला होता, त्याला मीच बोलावलं होतं. खऱ्या फौजीनं 'बराबर' म्हणावं, एवढंच नानांना हवं होतं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"नाना, समदं बराबर हाय. पण हे सारे बंदुका रोखून उभे काऊन?"

"लढाई हाय ना बे!"

"अवो, लढाईत आम्ही जास्त बसूनच राह्यतो. वाट पाह्यतो... बटन लावतो, घरी चिठ्ठी लिहितो."

नाना त्या दिवशी जेवले नाहीत. वर्षभर पुन्हा कोरत बसले. एक शिपाई रणगाड्याला टेकून सुईत दोरा ओवतोय, एक जिभेनं गाल फुगवून दाढी करतोय, दोघं एका ताटात जेवताहेत, आणि विमानाच्या पंखाखाली एक जण बूट उशाला घेऊन झोपलाय! मंडळाची माणसं हसली. "नाना, फौज झोपून राह्यली का? गणपतीपुढं बंदुका पाह्यजेत, बंदुका!" शिपायांची पेटी घरी परत आली. फौजीची बदली लांब कुठं झाली होती, त्यालाही दाखवता आलं नाही. मी म्हटलं, "नाना, लय चांगलं झालं." तर म्हणाले, "तुले काय समजते?" दोन दिवस मी बोलले नाही त्यांच्याशी. आता वाटतं, त्यांचं म्हणणं खोटं कुठं होतं... ज्यानं बघायला हवं होतं, तो मी नव्हतेच.

तेरावं झाल्यावर मंडळाची माणसं आली. "आक्का, यंदा नानाच्या नावानं देखावा मांडू." मी लगेच फळीवरून पेटी काढून दिली. एक जण आत बघून म्हणाला, "दोन-चार उभे करून हाती बंदुका देऊ, मंग झालं."

"नाही बापा. जसे बसले तसेच नेत असान तर न्या."

चहा प्यायले. "इचारून सांगतो," म्हणाले. अजून कोणी आलेलं नाही.

ती पेटी मी पुन्हा फळीवर चढवली नाही. पुढच्या खोलीत टेबलावर उघडीच आहे. फडकं मारलं तर कागद फाटतो, म्हणून रोज सकाळी धूळ फुंकरीनं उडवते. झोपलेल्याच्या अंगावर जरा हळूच... दिवसा दाराला कडी घालायचं मी सोडलंय. रजेवरचा कोणी फौजी रस्त्यानं जाईल, पाणी मागेल. त्याला आत बोलवीन, काही सांगणार नाही. तो काय म्हणतो तेवढं ऐकीन.