नर तपासलेला नाही

त्या कागदावर सही करायची नाही, हे मी कोंबडीच्या पोटावरची पिसं कापता कापता ठरवलं.

कोंबडी खायची नव्हती. ती डासांसाठी होती. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. भंडाऱ्याच्या एका कचेरीच्या मागच्या खोलीत मी डास पाळायची नोकरी करत होते. लोक हसायचे. सारं जग डास मारते आणि ही बाई पगार घेऊन वाढवते म्हणायचे. हसोत. आमच्या भागात हत्तीपाय घरोघरी होता, तो पसरवणाऱ्या डासांवर आमचे सायेब प्रयोग करायचे आणि त्यासाठी जाळीच्या पिंजऱ्यांत डास लागायचे. मादीला अंडी घालण्याआधी रक्त लागतं. म्हणून कोंबडीचं पोट उघडं करून तिला पिंजऱ्यात बांधायचं. नरांना साखरपाण्याचा कापूस पुरायचा.

आता कागदाचं सांगते. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. नवरा जवाहरनगरला फॅक्टरीत, क्वार्टर मिळालेलं, सारं व्यवस्थित. फक्त मूल नव्हतं. मग एक दिवस 'हवापालट' म्हणून मला आंधळगावला माहेरी आणून सोडलं आणि न्यायला कोणी आलं नाही. मी बी.एस्सी. होते, ही नोकरी मिळवली आणि रोज एसटीनं जाऊ-येऊ लागले. वर्षभरानं सासरहून कागद आला. 'मी वांझ असल्यामुळे राजीखुशीने फारकत देत आहे,' आणि खाली माझ्या सहीसाठी जागा.

फारकतीचं मला दुःख नव्हतं, खोटं कशाला बोलू. मला तो शब्द नको होता. भंडाऱ्याच्या दवाखान्यात माझी दोनदा तपासणी झाली होती आणि दोन्ही वेळा काही दोष निघाला नव्हता. नवरा एकदाही गेला नाही. "मर्दाले काय तपासाचं?" असं सासूबाईंचं म्हणणं. त्यांना तो शब्द हवाच होता. त्याच्याशिवाय दुसरी मुलगी कोण देणार? लोक विचारणारच, पहिली काहून सोडली म्हणून. म्हणजे त्याचं दुसरं लग्न माझ्या त्या एका शब्दावर उभं राहणार होतं. आणि मी मात्र जन्मभर गावात धानाचा परा, म्हणजे रोपांसाठी बी, टाकायच्या दिवशी दूर धुऱ्यावर, बांधावर उभी. आमच्याकडे मूल नसलेल्या बाईला धानाच्या बियाला हात लावू देत नाहीत.

त्याच दिवसांत सायबांनी बाहेरच्या एका प्रयोगशाळेतून ओल्या टिपकागदात गुंडाळून डासांची अंडी आणली. जात आमच्याच डासांची. भिंगाखाली कितीही पाहा, काडीचा फरक नाही. औषधाला दाद न देण्याचा गुण पिल्लांत कसा उतरतो ते त्यांना बघायचं होतं, म्हणून हे पाहुणे नर आणि आमच्या भंडाऱ्याच्या माद्या एका पिंजऱ्यात सोडायच्या. कोषातच मी ड्रॉपरनं नर वेगळे केले, ते लहान असतात, ओळखू येतात. माद्यांनी पाण्यावर अंड्यांचे छान तराफे घातले. तिसऱ्या दिवशी पाहते तर एक अळी नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही पाणी स्वच्छ.

सायेब वैतागले. माणूस वाईट नव्हता, पुण्याकडचा होता, पण घाई फार. रजिस्टर माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "लिहा. स्थानिक माद्या वांझ."

माझं डोकं फिरलं. घरी तोच शब्द आणि इथंही तोच.

"मी नाही लिहीत," मी म्हणाले.

"का?"

"ह्याच माद्या आपल्या नरांसोबत शेकड्यांनी पिल्लं देतात, सायेब. नर तपासला कुठं आपण?"

"त्या नरांनाही तिकडे पिल्लं होतातच की."

"मग तेही वांझ नाहीत. मग वांझ कोण?"

मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'अंडी फुटली नाहीत. नर तपासलेला नाही.' सायबांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्यांनी खोडलं नाही.

कचेरीतल्या चपराशाला मात्र सारं समजलं होतं. सहा लेकरांचा बाप तो. चहा ठेवता ठेवता म्हणाला, "सायेब, बाईच्या हाताले गुण नाही." नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं, इथं तर ते वाकडं अंगण मीच. मी म्हटलं, भाऊ, या मग. आमच्या माद्या आणि पाहुणे नर हा पिंजरा त्याच्या हातून लावून घेतला. माद्या मोजून सोडणं, कोंबडी बांधणं, पाणी ठेवणं, सारं त्यानंच केलं. शेजारचा पिंजरा मी लावला, पण उलटा, पाहुण्या माद्या आणि भंडाऱ्याचे नर. त्याच्या पिंजऱ्यातली सारी अंडी मेली. माझ्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. महिनाभर त्यानं माझ्या नजरेला नजर दिली नाही.

सायेब मात्र ह्यानंतर जागे झाले. नागपूरहून जुनी मासिकं मागवली. बाहेर देशांत असं आधीच दिसलेलं होतं. डासांच्या शरीरात, मादीच्या अंडाशयात आणि नराच्या वृषणात, बारीक जंतू राहतात. ते आईकडून लेकरांत जातात, पिढ्यान्पिढ्या. बापाकडून जात नाहीत. पण नराच्या अंगात ते असले की त्याच्या बीजाला जणू गाठ मारून ठेवतात, आणि त्याच वाणाचे जंतू ज्या अंड्यात असतील तिथंच ती गाठ सुटते. दुसऱ्या वाणाचे असले तर अंडं मरतं; पण काही वाणांची गाठ दुसऱ्या वाणालाही सोडवता येते, म्हणून माझा उलटा पिंजरा फळला होता. नर धड, मादी धड, आणि घोळ घालणारा तिसराच, आत बसलेला.

खरं-खोटं करायला मी औषधाच्या दुकानातून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सुला आणल्या आणि पाहुण्या अळ्यांच्या पाण्यात भुकटी टाकली, म्हणजे आतले जंतू मरतील. जंतूंच्या आधी अर्ध्या अळ्याच मेल्या. उरलेल्यांच्या पुढच्या पिढीलाही तेच पाणी दिलं. मग त्यांतले नर आमच्या माद्यांत सोडले. तिसऱ्या दिवशी ट्रे वाकवून पाहिला तर पाणी नुसतं हलत होतं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

सायेब त्या दिवशी खुशीत होते. म्हणाले, "हे असं दोन्ही बाजूंनी अडलं आणि हजारो पिढ्या अडलेलंच राहिलं, तर ह्या एका जातीच्या दोन जाती होऊ शकतील. दिसायला भाऊ-भाऊ, पण सोयरीक बंद."

"आणि दोष कोणाचा म्हणायचा?"

"कोणाचाच नाही."

माणसांत हा जंतू नसतो, हे मला ठाऊक होतं. नवऱ्याला कॅप्सुलच्या पाण्यात बुडवायचा विचार मी केला नाही, फार फार तर एकदा केला असेल. पण एक पक्कं झालं. दोन्हीकडून तपासल्याशिवाय डासाच्या मादीवरही तो शब्द लिहिता येत नाही.

पावसाच्या आधी सासरचे आंधळगावला आले. मामाजी, म्हणजे माझे सासरे, सासूबाई आणि तो. अंगणात सतरंजी टाकली होती. मामाजींनी कागद काढला. मी म्हणाले, "तो शब्द काढा, आत्ता सही करते."

"तो कसा काढाचा?" सासूबाई म्हणाल्या. "चार वर्सं आमी काय पाहून राहिलो होतो?"

माझे बाबा सतरंजीच्या कडेला बसले होते. ते उठले आणि ओसरीतून ओल्या पोत्याची गुंडाळी घेऊन आले. पेरणीआधी दरवर्षी ते शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात बांधून ठेवत. गुंडाळी त्यांनी मामाजींपुढे उलगडली. दाण्यांना पांढरे मोड आले होते.

"व्याही, तुमी बी शेतकरी हा," बाबा म्हणाले. "हे नाही उगोलं असतं तं मी बियाणं बदलवलं असतं. बी तपासल्याबिगर वावराले बोल लावणारा शेतकरी मले दाखवा."

मामाजींनी मोड आलेला एक दाणा उचलून पाहिला. सासूबाई म्हणाल्या, "धान येगळं, माणूस येगळं."

मी कागद ओढून घेतला. पर्समध्ये कचेरीचं पेन होतं. तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'पत्नी दोनदा तपासली, दोष नाही. नवरा तपासलेला नाही.' खाली माझी सही केली आणि कागद नवऱ्यापुढे ठेवला.

"हे खोटं असेल तर सांगा," मी म्हणाले. "खरं असेल तर तुम्हीपण सही करा."

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. सासूबाईंनी कागदाला हात घातला, पण त्यानं तो बाजूला घेतला. मान वर न करता म्हणाला, "मी गेलोच नाही दवाखान्यात, माय. मले भेव वाटे." आणि त्यानं सही केली.

मग तो उठून चपला घालू लागला. चार वर्षांच्या संसारात त्यानं माझ्यासाठी केलेली ती एकच गोष्ट, आणि तीही जाता जाता.