मागच्या दाराची जबानी

चर्चच्या न्याय आणि शांती समितीत बोलणाऱ्यांची कधीच कमी नव्हती. वानवा होती ती ऐकून घेणाऱ्यांची, आणि ते काम टकटकबाईंकडे होतं. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण चौतीस वर्षं कोर्टात टाइपरायटर बडवून निवृत्त झालेल्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? समिती म्हणजे तरी कोण, एक फादर, एक सिस्टर, फुकटात खटले लढणारे एक वकील आणि बाई. बसायची जागा वेदीमागची खोली. झग्यांचं कपाट, मेणबत्त्यांची खोकी, एक टेबल आणि एकमेकींशी काही नातं नसलेल्या दोन खुर्च्या.

शिलाई कारखान्याला दिवसाढवळ्या आग लागली आणि अकरा जणी गेल्या. मालकाचं म्हणणं, मागचं दार उघडंच होतं, बायका घाबरून भलतीकडे पळाल्या. मेलेल्यांवर खापर फोडणं सगळ्यात सोयीचं, त्या काही उलटून बोलत नाहीत. समितीनं ठरवलं की दर रविवारी चर्चमधली मिस्सा-प्रार्थना आटोपली की घरच्यांच्या आणि वाचलेल्यांच्या जबान्या घ्यायच्या.

बाईंची पद्धत कोर्टातली. समोरचा बोलेल ते जसंच्या तसं टाइप करायचं, पदरचा स्वल्पविरामसुद्धा घालायचा नाही. मग कागद काढून मोठ्यानं वाचायचा, ‘मी’ला ‘मी’च म्हणायचं. ऐकणाऱ्यानं "होय, हे माझंच" म्हटलं की खाली सही. खुनाच्या जबान्यासुद्धा त्यांनी अशाच वाचल्या होत्या, आवाज तसूभरही न हलवता. त्याचा त्यांना थोडा गर्वही होता.

यावेळी मात्र एक अडचण होती. त्या कारखान्याचा मुकादम म्हणजे बाईंचा सख्खा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, बाईंनी लग्न केलं नाही, त्याला वाढवलं. त्यानं पोलिसांना सांगितलं होतं, दार उघडं होतं. फादरांनी हळूच विचारलं होतं, "तुम्हाला जमेल का?"

"माझा भाऊ खोटं बोलत नाही," बाई म्हणाल्या. "लिहून घेऊ या, म्हणजे तेही कळेल."

पहिली जबानी दवाखान्यात आयाचं काम करणाऱ्या एका बाईची. तिची एकोणीस वर्षांची मुलगी गेली होती. ती अर्धा तास बोलली, बाईंनी टाइप केलं, आणि वाचायला लागल्या. दुसऱ्या पानाच्या तळाशी त्यांची जीभ अडखळली.

"मागच्या दाराच्या कडीत पेचकस अडकवलेला होता. आतून सात वेळा वाजलं."

आया म्हणाली, "हे मी नाही बोलले."

"नाही?"

"मी त्या दाराजवळ कधी गेलेच नाही. मला कसं माहीत असणार?"

बाईंनी माफी मागितली, ओळ खोडली. वयाचं खूळ, दुसरं काय. पण खोडताना त्यांचं लक्ष गेलं, की बाकी सगळं पान हलक्या हाताचं होतं आणि त्या ओळीतल्या पूर्णविरामांनी कागद आरपार भोसकला होता.

पुढच्या रविवारी एक शिंपीण आली, पुढच्या दरवाजातून निसटलेली. तिच्या जबानीतही तीच ओळ निघाली, अक्षर न् अक्षर तीच. शिंपीण ऐकून पांढरीफटक पडली, पण म्हणाली, "हे माझं नाही." तिसऱ्या रविवारी बाईंनी वकिलांचा संगणक घेतला, कीबोर्डवर नजर रोखून एकेक अक्षर दाबलं. सिस्टर बाजूला बसून पडद्याकडे बघत होत्या. त्या शपथेवर सांगायला तयार होत्या की बाईंनी ती ओळ दाबलेली नाही. छापलेल्या कागदात मात्र ती होती.

फादरांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. मग म्हणाले, "ओळ कुणाची तरी आहे. आपण चुकीच्या माणसांना वाचून दाखवतोय."

बाईंनी शेवटचा कागद घडी घालून पिशवीत टाकला. कारण पेचकस हा शब्द त्यांच्या घरातला होता. भावाच्या खिशात बारा महिने एक स्क्रू पिळायचा लोखंडी मुठीचा पेचकस असायचा. आगीच्या दिवशी तो घरी आला तेव्हा खिसा रिकामा होता. बाईंनी ते पाहिलं होतं आणि विचारलं नव्हतं. नंतर पापनिवेदनाला दोनदा गेल्या, तिथे रागाचं सांगितलं, आळसाचं सांगितलं, खिशाचं नाही. आणखी एक गोष्ट होती. आगीपासून भाऊ घरातलं एकही दार लावू देत नसे. स्वयंपाकघराचं नाही, न्हाणीघराचंही नाही. बाईंना अंघोळीच्या आधी ओरडून सांगावं लागे, "इकडे फिरकू नकोस." शेजारणी हसायच्या. बाईही हसायच्या, पण त्या उघड्या दारांच्या चौकटींकडे बघायचं टाळायच्या.

त्या दुपारी भाऊ जेवायला बसला होता. बाई समोर बसल्या, घडी उलगडली आणि कोर्टातल्या आवाजात वाचलं. वाचताना त्या मनातल्या मनात विनवत होत्या, रागाव, ताट भिरकाव, मला वेड लागलंय म्हण.

भावानं घास खाली ठेवला. "नऊ," तो म्हणाला.

"काय?"

"सात नाही, ताई. नऊ वेळा. मी बाहेर उभा होतो."

बाईंना त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. त्यांनी दोन्हींतलं काही केलं नाही. त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले.

"ओढून काढायचास पेचकस."

"साहेबांनी सांगितलं होतं, पाळी सुटेपर्यंत दार उघडायचं नाही, माल चोरून बाहेर जातो. धूर दिसला तसा मी विचारून यायला गेलो." तो ताटाकडे बघत म्हणाला. "विचारून यायला गेलो, ताई. परत आलो तेव्हा आत वाजत होतं. पेचकस तापला होता, हाताला चिकटायला लागला. तेवढ्यात वाजायचं थांबलं."

बाई म्हणाल्या, "रविवारी येशील का? नाहीतर मी एकटी जाते. पण हा कागद जाणार."

"तुरुंगात टाकतील मला."

"हो," बाई म्हणाल्या, आणि मग रडल्या. त्यांना दुसरं माणूस नव्हतं.

रविवारी तो आला. वेदीमागच्या खोलीत अकराही घरची माणसं भिंतीला टेकून उभी होती. फादरांनी आधीच बजावलं होतं, इथे त्याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. कुणी लावलाही नाही. कुणीतरी उकडतंय म्हणून दार लोटायला गेलं, तेव्हा भाऊ खुर्चीतून अर्धा उठला. दार उघडंच राहिलं.

तो बोलला, बाईंनी टाइप केलं. पान भरलं आणि पद्धतीप्रमाणे वाचायची वेळ आली. वकील म्हणाले, "मी वाचू का?" बाईंनी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी वाचलं, "मी दाराच्या कडीत पेचकस अडकवला. मी विचारून यायला गेलो. मी बाहेर उभा होतो." अकरा घरची माणसं बाईंच्या तोंडाकडे बघत होती, जणू बाहेर त्याच उभ्या होत्या. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज फाटला. "सात वेळा सगळ्यांनी मिळून वाजवलं. मग थांबलं. मग दोन वेळा, एकट्याच हातानं. ते खालून आलं."

"होय," भाऊ म्हणाला. "हे माझंच."

त्यानं सही केली. वकिलांनी कागदासाठी हात पुढे केला, पण भिंतीजवळून दवाखान्यातली आया पुढे आली. ती थेट भावासमोर उभी राहिली. सिस्टर मध्ये पडायला सरसावल्या, तर तिनं त्यांना हातानंच थांबवलं.

"ते शेवटचे दोन," ती म्हणाली. "खालून म्हणजे किती खालून?"

भावानं वर पाहिलं नाही. त्यानं तळहात आडवा करून आपल्या गुडघ्याच्या जरा वर धरला. आया वाकली, त्या हाताची उंची नीट बघून घेतली.

"मग ती माझी," ती म्हणाली. "खाली बसून वाजवलं असणार तिनं. दिवसभर उभं राहून पाय फार दुखायचे तिचे."

मग ती बाईंकडे वळली. "हे माझं. हे लिहून घ्या."