पडद्यातून येणारा ऑक्सिजन

ताईची फुफ्फुसं थकली तेव्हा मी अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवत होतो आणि प्रयोगशाळेत हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या पडद्यावर काम करत होतो. पडदा म्हणजे केसासारख्या बारीक, पोकळ नळ्यांची जुडी. दाबानं हवा सोडली की नळ्यांच्या भिंतीतून ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा लवकर पार होतो. ताई निवृत्त शिक्षिका, अमरावतीला एकटी राहायची. घरी ऑक्सिजनचे सिलिंडर यायचे. गाडीला उशीर झाला तरी ती फोन करायची नाही, म्हणून वर्गातही माझं चित्त थाऱ्यावर नसायचं.

एका शनिवारी तिनं विचारलं, "तुह्या यंत्रानं हे सिलिंडर सुटंल का?"

मी हो म्हणालो. तपासून न पाहताच.

मग आकडे मांडायला बसलो. पडद्यातून थोडा नायट्रोजनही येतोच, त्यामुळे ऑक्सिजन चाळीस टक्क्यांच्या आसपास अडकायचा. तेवढ्यावर ताईचं भागलं असतं, पण मग ती हवा कितीतरी जास्त लागणार, म्हणजे मोठा पंप आणि तो तासन् तास चालू. दाब कमी केला की वीज वाचायची, पण नळ्या वाढायच्या आणि यंत्राची किंमत चढायची. बाजारातलं हवेतूनच ऑक्सिजन देणारं साधं मशीन, कॉन्सन्ट्रेटर, दर वेळी स्वस्त पडायचं. अमरावतीच्या बसमध्ये मी नवा हिशेब मांडायचो आणि मूर्तिजापूर येईतो खोडून टाकायचो. ताईला मात्र दर वेळी सांगायचो, थोडंच राहिलंय.

महिन्याभरानं खरं सांगितलं. ती म्हणाली, "आधीच सांगायचं ना. डॉक्टर मशीन घ्या म्हणत होते. मी म्हटलं, भाऊ बनवून राहिला. सिलिंडर जास्त दिवस पुरावा म्हणून मी त्याचा नळ कमीच उघडत होती."

मला बसवेना. त्याच दुपारी दुकानातून मशीन आणलं. नळी नाकाला लावून ती खुर्चीत टेकली आणि बऱ्याच दिवसांनी न थांबता एक अख्खं वाक्य बोलली.

पुढे माझ्या अहवालात मी लिहिलं की असा पडदा कारखान्यातल्या भट्टीचा जाळ वाढवायला परवडू शकेल, घरातल्या एका माणसाच्या श्वासासाठी नाही. ताई आता बरी आहे. त्या महिन्यात तिला किती दम लागत होता, हे विचारायचं ठरवून मी दर शनिवारी जातो आणि भलतंच काहीतरी बोलून परत येतो.