रेडिओ न् कॉम्प्युटरच्या मधला डबा

सोल्डरिंगच्या टेबलाखाली तारा डागताना पडलेले सोल्डरचे थेंब साचत जातात, तसे आमच्या चौघांचे किस्से साचलेत. झाडायला घेतलं की होते त्यापेक्षा चार जास्तच निघतात. परवा बहिणीला दोन सांगितले, तर ती म्हणाली, "लिहून काढ, नाहीतर विलासराव स्वतःच्या नावावर खपवतील." म्हणून लिहितेय.

आम्ही चौघं कोल्हापुरातले हौशी रेडिओवाले. म्हणजे सरकारी परवाना काढून, आपापल्या घरातल्या रेडिओवरून गावोगावच्या आणि देशोदेशीच्या माणसांशी बोलणारे. देसाई सर भौतिकशास्त्राचे मास्तर होते. त्यांना सगळं येतं, फक्त सोल्डरिंग करता येत नाही. विलासराव वारणानगरकडचे, सारा जन्म कारखान्याच्या मशिनींच्या आवाजात गेला. त्यांचा स्वतःचा आवाज ऐकला की वाटतं, ह्यांना रेडिओ कशाला लागतो? दस्तगीरभाई घड्याळजी. आणि चौथी मी. सातवी पास. मोटारीचं रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या तारेच्या जागी नवी भरायचं काम, नवऱ्याच्या दुकानात नुसतं बघून शिकले, रेडिओचा परवाना साठी ओलांडल्यावर काढला, तोही पहिल्या फटक्यात. सरांना परीक्षेला दोनदा बसावं लागलं. हे मी मुद्दाम लिहितेय.

तर, रोज सकाळी सातला आम्ही रेडिओवर हजेरी घ्यायचो. गेल्या वर्षी दस्तगीरभाईंचे कान गेले. आवाज कळायचा, शब्द कळायचे नाहीत. हजेरीत त्यांचं नाव पुकारलं की पलीकडं शांतता. एका दुपारी ते टॉवेलात गुंडाळलेला रेडिओ घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"आक्का, ह्यो कुणाला तरी देऊन टाका. आमच्यात आता त्याच्यावर मांजर बसतंय, उबीला."

मी कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं, 'एक महिना द्या.'

त्यांनी वाचलं. "एकच," म्हणाले आणि गेले.

सरांनी तोड सांगितली. रेडिओ आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक छोटा डबा बसवायचा. रेडिओतला आवाज डब्यातून कॉम्प्युटरला जातो, कॉम्प्युटर त्याची अक्षरं करून पडद्यावर दाखवतो. आपण टाइप केलं की उलट्या वाटेनं अक्षरांचा आवाज होऊन हवेत जातो. कान लागतच नाहीत.

"तयार डबा विकत मिळतो, आक्का," सर म्हणाले.

"जन्मभर मोटारी भरलेल्या बाईनं तयार डबा आणायचा? मग उद्या भाकरी पण हॉटेलातनंच मागवते की."

* * *

डब्यात घालायला एक साउंड कार्ड हवं होतं, यूएसबीत खोचायचं, बोटाएवढं. कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. काउंटरवरचा गडी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "बोला आजी."

"कार्ड पायजे."

"आधार का रेशन? दोन्ही समोरच्या केंद्रात. हितं फक्त झेरॉक्स मिळंल."

मी त्याला कार्डाचं नाव, त्यातली चिप, आत जाणारा आवाज किती आणि बाहेर पडणारा किती, सगळं सांगितलं. तो उठून उभा राहिला. आतल्या मालकाला हाक मारून म्हणाला, "मालक, बाहेर या. तपासणीला आल्यात."

* * *

पहिल्या जोडणीत रेडिओ आणि कॉम्प्युटर एकमेकांना भिडले आणि नुसती गुंऽऽ सुरू झाली. अक्षर एक नाही. सर फळ्यासमोर असल्यासारखे उभे राहिले आणि दोन्हीकडच्या अर्थिंगच्या तारा जुळून फेरा कसा होतो, हे त्यांनी पाऊण तास समजावलं. तोवर मी एका जुन्या मोडेममधला बारका ट्रान्सफॉर्मर काढून, उसवून, नव्या तारेनं भरून डब्यात बसवला. म्हणजे दोन्ही यंत्रं एकमेकांना शिवत नाहीत, फक्त आवाज ह्या गुंडाळीतून त्या गुंडाळीत उडी मारतो. गुणगुण थांबली.

सर थांबले. चष्मा पुसला. "तारेच्या वेढ्यांचं गणित काय धरलंत, आक्का?"

"हिकडं जेवढे, तिकडं तेवढे."

"हो, पण सूत्र?"

"सर, लेकीला आणि सुनेला वाढताना सूत्र लावत न्हाय मी. दोघींचं ताट सारखं पायजे, नाहीतर घरात गुणगुण सुरू होती."

सरांनी हे वहीत लिहून घेतलं. सूत्राच्या रकान्यात.

* * *

आता रेडिओ बोलता करायला मी वेगळी तार टाकलीय. आधी नव्हती. आधी अशी सोय होती की कॉम्प्युटरमधून आवाज निघाला की रेडिओ आपणहून तो हवेत सोडायचा. फार सोपं वाटलं होतं.

एका सकाळी मी गच्चीवर अँटेनाची दोरी ताणत होते. रेडिओ आमच्या हजेरीच्या फ्रिक्वेन्सीवरच लावून ठेवलेला. खाली सुनेनं त्याच कॉम्प्युटरवर तांबड्या रश्श्याचा व्हिडिओ लावला आणि तिथंच कांदा चिरत बसली. मी खाली येऊन बघते, तर रेडिओचा लाल दिवा पेटलेला. खोबरं भाजण्यापासून सगळं हवेत चाललेलं. परवान्यात हे अजिबात बसत नाही. मी धावत जाऊन व्हिडिओ थांबवला.

दिवा विझला, आणि निपाणीकडचे एक ओळखीचे रेडिओवाले स्पीकरवर आले.

"आक्का, थांबलासा का? कांदा लाल झालाय माझा. फुडं काय घालू?"

* * *

दुसरा डबा विलासरावांनी मागून घेतला. आठवड्यात केरळातल्या एका माणसानं त्यांच्या पडद्यावर लिहिलं, 'कृपया आवाज कमी करा. तुमच्यामुळं आमच्या सगळ्यांच्या अक्षरांचा चिखल झालाय.'

विलासराव रागानं माझ्याकडं आले. "आक्का, आवाज फुल्ल ठेवलाय, तरी तक्रार?"

मी त्यांना बसवून समजावलं, की ह्या प्रकारात आवाज बारीकच लागतो. कॉम्प्युटरनं रेडिओच्या कानात कुजबुजायचं. जो मोठ्यानं बोलेल तो फाटतो आणि शेजाऱ्यांवर सांडतो. जो हळू बोलेल त्याचंच लांबवर नीट पोचतं.

विलासरावांनी कान खाजवला.

"मग आपल्या जिल्ह्याचं कसं व्हायाचं हो?"

* * *

महिना संपायला दोन दिवस उरले तेव्हा दस्तगीरभाईंच्या घरी त्यांचा रेडिओ परत गेला आणि डबा बसला. सुरुवातीला एक पद्धत लावली, त्यात जगातल्या सगळ्यांनी पाव-पाव मिनिटाच्या पाळीनं बोलायचं असतं. पडद्याच्या खालच्या पट्टीत लोकांच्या हाकांच्या पिवळ्या रेघा धडाधड यायला लागल्या, नाव मात्र एकाचंही उमटेना. आणि दस्तगीरभाईंनी हाक दिली की उत्तर नाही. एक तास गेला.

"बघा," ते म्हणाले. "हितं पण कोण बोलत न्हाय माझ्याशी." आणि टॉवेल शोधायला लागले.

सरांनी मला बाजूला घेतलं. त्या कॉम्प्युटरचं घड्याळ चार सेकंद मागं होतं, त्यामुळं पलीकडच्यांच्या हाका आणि ह्यांची हाक, दोन्ही दरवेळी पाळी चुकवत होत्या. आता हे घड्याळजीला सांगायचं कुणी? विलासराव माझ्याकडं बघायला लागले, सर छताकडं. मीच कागदावर लिहिलं, 'तुमचं घड्याळ चार सेकंद मागं हाय.'

त्यांनी कागद वाचला. डोळ्यावर भिंग लावून पुन्हा वाचला. मग भिंतीवरच्या आपल्या मोठ्या घड्याळाकडं बोट केलं.

"कॉम्प्युटर मीच लावलाय, ह्या घड्याळावर. ह्याच्यावर अख्ख्या गल्लीतली दुकानं उघडत्यात. त्या परदेशातल्या पावण्यांस्नी म्हणावं, चार सेकंद थांबा."

* * *

शेवटच्या दिवशी सकाळी सातला हजेरी घ्यायचं ठरलं. घड्याळाचा घोळ नको म्हणून साधी पद्धत घेतली, नुसतं टाइप करायचं, अक्षर निघेल तसं पलीकडं उमटतं. इंग्रजी अक्षरांत मराठी. आम्ही तिघं माझ्याकडं, दस्तगीरभाई त्यांच्या घरी एकटे. तसं त्यांनीच सांगितलं होतं. "तुम्ही समोर असलासा की मी तुमच्या तोंडाकडं बघत बसतो, काय म्हणताय म्हणून. पडद्याकडं लक्ष ऱ्हात न्हाय."

सात वाजले. मी हजेरी सुरू केली. आणि माझ्या बोटांनी, इतक्या वर्षांच्या सवयीनं, रोज सकाळी तोंडानं पहिलं जे म्हणते तेच लिहून सोडलं.

'दस्तगीरभाई, ऐकू येतंय का?'

सरांनी डोळे मिटले. विलासराव म्हणाले, "आक्का, काय लिहिलंसा ह्ये?"

गेलेलं परत घेता येत नाही. पडदा कोरा. एक मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील. मला तो टॉवेल दिसायला लागला, त्यातला रेडिओ दिसायला लागला. विलासराव चपला शोधायला उठले.

मग पडद्याच्या खालच्या पट्टीत एक बारीक पिवळी रेघ उमटली. त्यांचा रेडिओ बोलायला लागला होता. अक्षरं एकेक करून यायला लागली, घड्याळात स्क्रू बसवावेत इतक्या सावकाश.

'न्हाय.'

रेघ तशीच चालू होती.

'दिसतंय.'