जमिनीतून वर आलेली टाकी

“बाई, टाकी वर आलीया.”

फोनवर सावित्रीअक्का होत्या. जोयड्याच्या रानातल्या दिग्गी गावात घरात बसून फोन लागत नाही. वस्तीमागचा चढ चढून खडकावर उभं राहावं लागतं. म्हणजे ही बाई दुखरा गुडघा घेऊन भर पावसात तेवढं चढून आली होती. मी बेळगावला ऑफिसात होते. मला वाटलं, टाकी भरून वाहते आहे. मी म्हटलं, चांगलं झालं की मग.

“पानी न्हाई ओ. टाकीच जमनीतनं वर आलीया. एक बाजू माज्या गुडघ्याच्याबी वर हाय. पायपा समद्या मोडल्यात.” मग म्हणाल्या, “माज्याच हातनं झालं ह्ये.”

मी त्यांना आधी घरी जायला सांगितलं. काय झालं ते मला तेव्हाच कळलं होतं. का झालं, ते कळायला मात्र दिग्गीला जावं लागलं.

माझ्या कार्डावर ‘भूजलशास्त्रज्ञ’ असं छापलेलं आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर जमिनीखाली पाणी कुठे अडतं, कुठून कुठे जातं, ते बघत हिंडणारी बाई. नोकरीची उमेदीची वर्षं मी बाडमेर-जैसलमेरकडच्या वाळवंटात काढली. पाण्याचा धंदा शिकायला वाळवंटासारखी शाळा नाही. तिथे पाऊस कधी येतो, कधी येतच नाही. त्यामुळे आलेला थेंब कुठे ठेवायचा याचाच विचार माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेला आहे. जमिनीत खोल गोल टाकी बांधतात, तिला कुंड म्हणतात. कुंडाभोवतीची जमीन ताटासारखी उतरती करतात. पावसाळ्याआधी ती झाडून लख्ख करतात, तळाशी राहिलेलं पाणी काढून कुंड आतून घासतात. तिथे कुणी पायताण घालून जात नाही, गुरं तर नाहीच नाही.

ती जमीनही मोठी गमतीची आहे. आज जिथे उंट चालतात तिथे एके काळी समुद्र होता. दगडात शिंपले सापडतात. कुठे कुठे दगड झालेली झाडांची खोडं पडलेली आहेत, ती मी हातानं चाचपून पाहिलेली आहेत. म्हणजे तिथे कधी तरी जोयड्यासारखं रानही असणार. काही भागांत वाळूखाली जिप्समचा किंवा चिकणमातीचा थर आहे. पावसाचं पाणी वाळूतून खाली जातं आणि त्या थरावर अडून बसतं. लोक तिथे एक अरुंद, उथळ विहीर खणतात. तिला बेरी म्हणतात. बेरीत पाणी झिरपत झिरपत येतं, बादली भरायला वेळ लागतो, पण भरते. मला कुंडापेक्षा बेरी जास्त आवडायची. पाहुण्यांना मात्र कुंडच आवडतं, कारण ते फोटोत छान येतं.

आमच्या संस्थेचे डायरेक्टर इनामदार सर असेच पाहुणे म्हणून आले होते. मीच त्यांना हिंडवलं. एका ढाणीत, म्हणजे वाळवंटातल्या छोट्या वस्तीत, कुंडाचं पाणी प्यायल्यावर त्यांचे डोळे भरून आले. माणूस मनानं चांगला, फक्त भारावतो फार लवकर. पुढे दिग्गीचं काम आलं. पावसाळ्यात कोसळ कोसळ कोसळणारा पाऊस आणि एप्रिल-मे महिन्यात बायका ओढ्याच्या डबक्यातून कळशी भरून डोंगर चढतात. सावित्रीअक्कांची वस्ती सात-आठ घरांची. त्यांचा गुडघा कामातून गेलेला. रामनगरला राहणाऱ्या लेकीनं सांगून ठेवलं होतं, एवढा उन्हाळा बघते, पाण्याची सोय झाली नाही तर घराला कुलूप घालून तुला घेऊन जाते. अक्कांना जायचं नव्हतं. भाताची दोन खाचरं, फणसाची झाडं, एक म्हैस, सगळं इथेच होतं. आणि नवऱ्यामागे ते त्यांनी एकटीनं सांभाळलं होतं.

सरांनी जाहीर केलं, दिग्गीत कुंड बांधायचं. कौलांवरचं पाणी पन्हाळीनं टाकीत सोडायचं.

मी म्हटलं, “सर, वाळवंटात जमीन कोरडी असते म्हणून टाकी जागेवर बसते. इथे पावसाळ्यात जमिनीतच पाणी भरतं. रिकामी टाकी वर उचलली जाईल.”

“अहो, सिमेंटची टाकी काय तरंगणार आहे?”

“रिकामं पातेलं पाण्याच्या पिंपात दाबून बघा.”

“पण पावसात टाकी रिकामी राहीलच कशी? भरणारच की.”

मुद्दा चुकीचा नव्हता. शेवटी मी एका अटीवर डिझाइनला हो म्हटलं. टाकीत कमरेइतकं पाणी कायम राहिलं पाहिजे, मे महिन्यातसुद्धा. ते म्हणाले, लोकांना मी स्वतः सांगतो. बांधकाम झालं तेव्हा मी बाडमेरला होते. उद्घाटन झालं तेव्हाही तिकडेच होते.

आता वर आलेल्या टाकीपाशी मी छत्री धरून उभी होते. आख्खी टाकी चिखलातून एका अंगानं वर आली होती, गाभण म्हैस कुशीवर कलावी तशी. पन्हाळीचा पाइप तुटून लोंबत होता. टाकीला वरपासून खालपर्यंत तडा होता. दुरुस्तीचा प्रश्नच नव्हता.

सावित्रीअक्का माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांना चहा करायचा होता, मला नको होता, तरी केला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. उद्घाटनाला सरांनी भाषण केलं. वाळवंटातल्या बायका कुंडाला कशा जपतात, आत उतरून कशा घासतात, पायताण कसं बाहेर ठेवतात, ते सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. ऐकून बायका हरखल्या. दिग्गीतही झऱ्याचं डबकं पावसाआधी उपसून साफ करायची रीत आहे. म्हणजे ती माणसं आपल्यासारखीच आहेत, असं त्यांना वाटलं. कमरेइतकं पाणी ठेवा, हेही सर बोलले असतील. बोललेच असतील. कुणाला आठवत नव्हतं.

“त्या बायास्नी प्यायला पानी न्हाई, तरी कुंड घासत्यात,” अक्का म्हणाल्या. “मग आमी का घासू न्हाई? समदं पानी काडलं, राखंनं घासली, चुना लावला. पयल्या पावसाचं कौलावरचं पानी घान असतंय म्हनून तोंड बांदून ठेवलं. मग पाऊस काय थांबंना. म्हनलं, कौलं निट धुऊन जाऊ दे.”

मी टाकीत वाकून बघितलं. आतून ती लख्ख होती. तळापर्यंत पांढरीशुभ्र. तोंडाशी, आतल्या काठावर, तांदळाच्या पिठाची रांगोळी काढलेली होती, तिची एक कड पावसातही शिल्लक होती. मला रडू आलं. इतक्या वर्षांत मी कुठलीही टाकी बघून रडले नव्हते.

“देवाला न्हाई आवडलं काय तरी,” अक्का म्हणाल्या. “शिमगा झाला की जाती लेकीकडं.”

मी सांगितलं, देवाचा काही संबंध नाही, घासलं तेही बरोबरच केलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं.

बेळगावला आल्यावर सरांशी बोलणं झालं. त्यांनी पैसे देणाऱ्या कंपनीला काय कळवायचं ते ठरवून ठेवलं होतं. लोकांनी सूचना पाळल्या नाहीत. गैरवापर झाला.

“असं कळवलंत तर दिग्गीला पुन्हा कुणी दमडी देणार नाही,” मी म्हटलं.

“मग काय कळवू? डिझाइन चुकलं?”

“हो.”

“कुणाचं?”

“दोघांचं म्हणा. पण आधी एकदा टाकीत डोकावून या.”

ते आले. नाकासमोर चालणारा माणूस, टाळाटाळ केली नाही. टाकीत डोकावले, बराच वेळ तसेच वाकून राहिले. मान बाहेर काढली तेव्हा कपाळाला चुना लागला होता. गैरवापर हा शब्द नंतर त्यांनी काढला नाही. डिझाइनची चूक म्हणूनच कळवलं, आणि उरलेल्या रकमेत काही करता येतं का बघा, असं मला सांगितलं.

रक्कम थोडी होती. मी टाकी बांधणाऱ्या संतूमेस्त्रींना रामनगरला जाऊन गाठलं. खरं तर भांडायलाच गेले होते. खड्डा खणताना खाली काय लागलं होतं, ते विचारलं.

“चिकल,” ते म्हणाले. “पांढरा, लोण्यावानी मऊ. बरं झालं म्हनलं, खनायला सोपं. वर दगड टाकलं आनि काँक्रीट घाटलं.”

“खणलं कधी?”

“उनाळाच हुता की.”

मी भांडण विसरले. उन्हाळ्यात ओला चिखल म्हणजे वरच्या जांभ्या दगडातून उतरणारं पाणी त्या पांढऱ्या मातीवर अडत होतं. ज्या पाण्यानं पावसाळ्यात टाकी उचलली, तेच पाणी उन्हाळ्यात तिच्या खाली गपचूप बसलेलं होतं. आम्ही त्यावर काँक्रीटचं झाकण घालून आभाळातल्या पाण्याची वाट बघत होतो. वाळूखालच्या थराचा हाच प्रकार मी बाडमेरला कितीदा बघितला होता. वाळवंटातून आणायची होती ती बेरी, आम्ही आणलं कुंड.

शिमगा संपला तसं खणायला घेतलं. टाकीच्या चढाकडच्या अंगाला, अरुंद, पुरुषभर खोल. अक्कांनी लेकीला निरोप धाडला होता, काम होईस्तोवर थांब. पांढरी माती लागली आणि सगळे खड्ड्याच्या काठावर वाट बघत बसले. काहीच दिसत नव्हतं. भसाभसा पाणी येईल अशी वस्तीची कल्पना होती, आणि बेरी अशी कधीच वागत नाही. संध्याकाळी तळाशी एक ओली रेघ दिसली. सकाळी घोटाभर पाणी होतं.

विहिरीला सिमेंटच्या रिंगा घातल्या, वर कठडा केला, झाकण बसवलं. मे महिन्यात पाणी फार हळू यायचं. एक कळशी भरली की थांबावं लागायचं, मग दुसरीचा नंबर. पण पिण्यापुरतं सगळ्या घरांना मिळालं आणि कुणी ओढ्यावर उतरलं नाही. लेक आली, चार दिवस राहिली, फणस घेऊन परत गेली. अक्का गेल्या नाहीत. कललेल्या टाकीत त्यांनी कोंबड्या ठेवल्या. टाकी आतून अजूनही कुठल्याही खुराड्यापेक्षा स्वच्छ असते.

मागच्या वर्षी कंपनीचे लोक बघायला आले. इनामदार सरांनी सवयीप्रमाणे वाळवंटापासून सुरुवात केली. समुद्र, वाळू, बेरी, तिथल्या बायका, सगळं रंगात आलं होतं. पाहुणे हरखून ऐकत होते. सावित्रीअक्का चपला बाहेर काढून कठड्याला टेकून उभ्या होत्या. सरांचं संपल्यावर त्या म्हणाल्या, “ग्वाष्ट झाली न्हवं? आता कारन सांगा.”

सर माझ्याकडे बघू लागले. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर अक्कांनी स्वतःच कोंबड्यांच्या टाकीकडे हात करून सुरुवात केली होती. खाली पांढरी माती कशी, तिच्यावर पाणी कसं अडतं, रिकामी टाकी का उठते. कुठे चुकल्या नाहीत.

तेव्हापासून मी कुठल्याही साइटवर आधी कारण सांगते, गोष्ट शेवटी. वेळ उरला तर.