सोमवारचं बाकडं

"धरा नीट," हे तिचं कायमचं बोलणं. शनिवारी दिवस कलल्यावर आम्ही लिंबाखाली बैलाचं दावं वळत बसलो होतो. ती अंबाडीच्या सालीचा वाख लावत जायची, मी टोक धरून पीळ देत मागं सरकायचो. माझा हात ढिला पडला की तिकडून आवाज यायचा, "आवं, धरा नीट." अर्धं दावं झालं आन अंधारलं. राहिलेलं उद्या करू म्हणून तिनं ते खुंटीला अडकवलं. सकाळी उठलीच नाही.

बायकोचं नाव मी जन्मात घेतलं नाही, इथंही घेणार नाही. पण बीडच्या मोठ्या हापिसात तुमचं कधी काम पडलं असंल तर तुम्ही तिला बघितलंय. जिन्याखालच्या बाकड्यावर हिरव्या लुगड्यातली म्हातारी, मांडीवर वाखाची पेंडी, हात चालू. तीच आमची.

माजलगावच्या बाजारात एक माणूस भेटला, तिथून हे सुरू झालं. भांगेच्या जातीचं पण नशा नसलेलं झाड असतं, त्याच्या सालीचा लई चिवट दोर होतो, असं तो सांगत होता. त्याच्याजवळची लड हिनं दातात धरून ओढली. तुटंना. नायलॉननं बैलाची मान सोलते, अंबाडीचं दावं पावसात कुजतं. दोन्ही तिला सोसायचं नाही. माणसानं मूठभर बी दिलं. परवानगी येतीय म्हणाला, तुम्ही पेरून टाका.

मी म्हणलं, तुरीत दोन ओळी टाकू, कोण बघतंय.

"चोरून पेरलं तर चोरूनच इकावं लागंल," ती म्हणाली. "मला उजागरीनं पायजे."

विहिरीजवळची पट्टी तिनं नांगरून मोकळी ठेवली. गावानं त्या तुकड्याचं नाव पाडलं, सरकारची पट्टी. तिचाच धाकटा भाऊ येता-जाता विचारायचा, "अक्का, सरकार कवा येतंय पेरायला?" ती म्हणायची, तू आधी तुझ्या वावरातलं तण काढ.

हापिसात पहिल्या खेपेला कारकून हसला. "आजी, गांजा लावायचाय का?"

"गांजा लावायचा असता तर तुला इचारायला आले असते का रं?"

पुढच्या खेपेला, झाड कसं असतं ते साहेबाला दाखवावं म्हणून ती अंबाडीचं वाढलेलं झाड उपटून घेऊन गेली. अंबाडीचं पान मोठं झालं की गांजासारखंच बोटंबोटं दिसतं. दारावरचा शिपाई शहरातला, त्याला भाजीची जुडी तेवढी ठाऊक. त्यानं हिचं मनगटच धरलं. गर्दी जमली. मला वाटलं, आता दोघांची वरात ठाण्यावर. साहेब खाली आला, पान तोडून तोंडात टाकलं, आंबट लागलं तसं म्हणाला, अंबाडी आहे, सोड त्यांना. माणसं हसायला लागली. मी तिला म्हणलं, चल आता. ती हलली नाही.

"सायेब, ह्यानं दिसायला सारखं म्हणून धरलं. त्याची चूक न्हाई. कुठलं धरायचं आन कुठलं सोडायचं, ते तुमी लिहून द्या की."

साहेब हसला नाही. तिला खुर्ची दिली. दोरासाठी, बियासाठी असलं पीक घ्यायची मुभा देता येते, पण आपल्या राज्यानं अजून तसा नियम केलेला नाही, असं सरळ सांगितलं. अर्ज घेतला. वर पाठवतो, महिन्याच्या पहिल्या सोमवारी येऊन विचारत जा, म्हणाला.

त्याला वाटलं असंल, म्हातारी दोनदा येईल आन थकंल. तिनं एक सोमवार चुकवला नाही. मी कंटाळून चहाला जायचो, ती बाकड्यावर वाख पिंजत बसायची. मनगट धरणारा शिपाई पुढं तिला पाणी आणून द्यायला लागला. "आजी, आला का नियम?" "यील. तू दार उघडं ठेव." परतताना वडवणीच्या गाडीत मी चिडचिड करायचो. ती खिडकीतून बघत म्हणायची, पट्टी कुठं पळून जातीय का?

रविवारी तिरडी बांधताना दोर कमी पडला. कुणीतरी खुंटीवरचं अर्धं दावं काढलं. मी हिसकून घेतलं.

"ते बैलाचं हाय. अजून व्हायचंय."

दुसऱ्या दिवशी तिचा सोमवार होता. मी सकाळी धोतर बदललं, पिशवीत दावं आन वाख टाकला. मेहुणा दारात आडवा आला. "दाजी, सुतकात कुठं निघालात? माणसं यायलीत बसायला."

"बसू दे त्यांना," मी म्हणलं. "मला बीडला जायचंय."

हापिसात कारकुनानं माझ्या मागं बघितलं. "आजी?" मी सांगितलं. तो उठून उभा राहिला. हळूच म्हणाला, बाबा, वरून अजून काही आलं नाही. मी म्हणलं, पट्टी मोकळीच हाय, फुडच्या महिन्याच्या सोमवारी मी येतो.

मग बाकड्यावर तिच्या जागेला बसलो. दावं काढलं, वाख लावला. टोक धरायला कुणी नव्हतं. शिपाई दारातच उभा होता. मी उठलो, टोक त्याच्या हातात दिलं आन परत येऊन बसलो.

"नीट धर," मी म्हणलं.

त्यानं हातातली काठी भिंतीला टेकवली आन दोन्ही हातांनी धरलं.